अठ्ठेचाळीस तासांनंतर

सोमवारी सकाळी साडेनऊला अ‍ॅप्रनच्या वरच्या खिशातून पेन काढलं आणि ते गरम लागलं. एवढंच झालं. पेन स्टीलचं आहे, रतनला, माझ्या नवऱ्याला, त्याच्या ऑफिसात कुणाच्या तरी निरोप समारंभात मिळालेलं, आणि खिसा डाव्या बाजूला, म्हणजे बरोबर त्या जागेवर. गेले चार महिने त्या खिशातली प्रत्येक वस्तू गार निघायची. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये डावा स्तन काढला, आणि त्याच वेळी तिथे सिलिकॉनची पिशवी बसवली. वरची कातडी माझी आहे, पण तिला काही कळत नाही, आणि आतली पिशवी स्वतःहून तापत नाही. हे डॉक्टरांनी आधी सांगितलं नव्हतं. आंघोळ करताना माझं मलाच कळलं की उजवी बाजू माणसाची आहे आणि डावी फरशीसारखी गार. तेव्हा खरं तर वाईट वाटायला हवं होतं, पण मला गंमत वाटली. थर्मामीटर आणून दोन्हीकडे लावून पाहिला. दीड अंशाचा फरक. रतनला सांगितलं, तर तो "बरं" म्हणाला आणि पेपरचं पान उलटलं. तर त्या सोमवारी पेन गरम लागलं, आणि पहिल्या क्षणी, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. वाटलं, आली एकदाची. चार महिने परक्यासारखी राहून शेवटी घरची झाली. मी ते पेन गालाला लावून पाहिलं. समोर जया रक्ताच्या नळ्या लावत होती. "काय हो ओव्हाळ मॅडम, पेन लाडात आलंय का?" तिनं विचारलं. मी हसले. मग दुसऱ्या क्षणी मला आठवलं की मी बावीस वर्षं नेमकं कसलं काम करते. गार वस्तू उगीच गरम होत नाही. आत कुणीतरी वाढत असतं.

माझं काम जंतू वाढवण्याचं. मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला एक धर्मादाय दवाखाना आहे, त्याच्या लॅबमध्ये मी सीनियर टेक्निशियन. लोक पू देतात, लघवी देतात, थुंकी देतात. मी त्यातला थेंबभर घेऊन जेलीच्या प्लेटवर रेघा मारते आणि प्लेट सदतीस अंशांच्या कपाटात ठेवते. त्या जेलीत जंतूंना जेवायला हवं ते सगळं असतं. दुसऱ्या दिवशी कपाट उघडायचं आणि कोण आलंय ते बघायचं. या बघण्याची मला अजून चटक आहे. एकाच्या वसाहती सोनेरी टिकल्यांसारख्या, एक सगळ्या प्लेटभर पसरत जातो, एकाला चक्क द्राक्षांचा वास येतो. ज्याचा पू असतो तो बाहेर बाकावर कण्हत असतो आणि मी आत झाकण उचलून खूश होते. हे शोभत नाही, पण आहे ते आहे. काही आलं नाही तर प्लेट परत आत. अठ्ठेचाळीस तास झाले की रिपोर्ट: वाढ नाही. मग प्लेट वाफेच्या यंत्रात, म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये, आणि तिथून कचऱ्यात. हा नियम मी पाळत आले आणि हाताखाली आलेल्या प्रत्येकीला शिकवत आले. "दोन दिवसांत आला नाही तो येत नाही. कपाट म्हणजे धर्मशाळा नाही." या वाक्यासाठी मी आमच्या वर्तुळात थोडी प्रसिद्धच आहे.

दुपारी कर्मचाऱ्यांच्या बाथरूममध्ये कडी लावून पाहिलं. टाक्यांच्या रेषेच्या खाली, बाहेरच्या अंगाला, पोह्यांच्या बशीएवढा गुलाबी डाग. मी उजवा तळवा त्यावर ठेवला. ही एक विचित्र गोष्ट आहे आणि ती मी कुणाला नीट सांगू शकलेले नाही: तळव्याला कळतं की आपण गरम कातडीला हात लावलाय, पण कातडीला कळत नाही की तिला कुणी हात लावलाय. आपल्याच अंगाला परक्या पेशंटसारखं तपासायचं. दाबून पाहिलं, बोटाचा ठसा पांढरा उमटला आणि सावकाश गुलाबी झाला. मनात प्रश्न आला तो "आता काय होणार" हा नव्हता. प्रश्न आला: कोण असेल? कातडीवरचा नेहमीचा असेल की बाहेरून आलेला? जखम भरून इतके दिवस झाले, मग आत्ताच का? ऑपरेशनच्या वेळीच आत शिरून चार महिने दडून बसला असेल का, आणि बसला असेल तर त्यानं तेवढे दिवस काय खाल्लं? अंगात कुठेही जंतू शिरला तर रक्त तिथे धावून जातं. पण पिशवीत रक्त नाही. तिच्या गुळगुळीत पाठीवर जो चिकटला तो सुखात. सिलिकॉन, स्टील, प्लास्टिकची जाळी, माणसाच्या आत बसवलेली कुठलीही वस्तू म्हणजे जंतूसाठी पाठीला भक्कम भिंत. हे मी मुलींना फळ्यावर चित्र काढून शिकवलंय. आणि त्या चित्राखाली कायम एकच ओळ लिहिलीय: अशा वेळी वस्तू काढावी लागते.

ही ओळ आठवल्यावर मात्र मी अ‍ॅप्रनची बटणं लावली. काढावी लागते. ती पिशवी मला कुणी दिलेली नव्हती, मी मागून घेतलेली होती. ऑपरेशन ठरलं तेव्हा सगळ्यांनी समजूतदारपणे विचारलं होतं, या वयात कशाला? मी सत्तेचाळीस वर्षांची. नणंद म्हणाली, पदर असतोच की. पूर्वानं, माझ्या मुलीनं, हिंजवडीहून फोनवर सांगितलं, "आई, तुला हवं असेल तर कर ना, पण रिस्क पण बघ." आणि रतन म्हणाला, "मला काही फरक पडत नाही गं." तो हे प्रेमानं म्हणाला, आणि ते खरंही होतं. फक्त प्रश्न त्याला विचारलेला नव्हता. विहाराच्या अभ्यासिकेत आमची ओळख झाली तेव्हा मी अठराची आणि तो वीसचा. तेव्हापासून मी त्याला अरेतुरे करते, आणि तेव्हापासून तो माझ्या वतीनं उत्तरं देतो. पाटबंधारे खात्यात नोकरी करून ही सवय आणखी पक्की झाली असावी. घरात त्या पिशवीला तो "ते" म्हणतो. "ते दुखतंय का?" "ते बरं आहे ना?" शेजारच्या फ्लॅटमधल्या म्हाताऱ्या आजोबांची चौकशी करावी तसं.

मला ती का हवी होती ते मी कुणालाच सांगितलं नाही, कारण ते कारण ऐकायला फार लहान वाटतं. माझी आई मार्केट यार्डात कांदा निवडायची. आम्ही लोणी काळभोरचे. ती पहाटे टेम्पोतून यायची. मी नऊ वर्षांची असताना तिचा एक स्तन काढला. तिनं जुन्या लुगड्याचं गाठोडं करून पोलक्यात बसवलं. कांद्याच्या ढिगावर वाकली की ते गाठोडं वर सरकायचं, आणि आई हात न थांबवता कोपरानं ते खाली सारायची. दिवसातून शंभर वेळा. कुणाच्या लक्षात यायचं नाही, पण मी सुट्टीच्या दिवशी तिच्याशेजारी पोत्यावर बसून तेवढंच बघत असायचे. मला त्या गाठोड्याची भीती नव्हती, दयाही नव्हती. मला बघायचं होतं की आत काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे. एकदा ती डोकं विंचरत होती तेव्हा मी सरळ विचारलं. मला वाटलं धपाटा बसेल. आई म्हणाली, "बघायचंय व्हय? बघ की." आणि दाखवलं. सपाट, तिरकी, चकचकीत रेघ. मी बोट फिरवलं. "दुखतंय का?" "न्हाय. पर सरकतंय मेलं." तिची तक्रार एवढीच होती: सरकतं. आणि माझी मागणीही एवढीच होती की टेबलावर वाकून रेघा मारताना माझं काही सरकू नये, कोपर मोकळं राहावं. आता हे कुठल्या सर्जनला सांगणार? मी म्हणाले, मला हवंय. त्यांनी लिहून घेतलं: पेशंटची इच्छा.

त्या संध्याकाळी घरी ताप पाहिला, नव्याण्णव पॉइंट सहा. औषधांच्या डब्यात पूर्वाच्या दाढेच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या उरलेल्या होत्या. इथे मी जे केलं ते माझ्यासारखीनंच करावं आणि माझ्यासारखीनंच करू नये असं होतं. जेवण झालं, ताटं उचलली, आणि मी एक गोळी घेतली. दुसरी मंगळवारी सकाळी. तिसरी मंगळवारी जेवल्यावर. चौथी बुधवारी चहाबरोबर. बावीस वर्षं मी लॅबच्या खिडकीतून पेशंटला एकच प्रश्न विचारत आले आहे: "गोळ्या सुरू केल्यात का?" आणि हो म्हणाला की, "मग आता नमुना कशाला आणलात? जंतू अर्धमेले झाले, ते प्लेटवर उगवायचे कसे?" असं म्हणून त्याला परत पाठवत आले आहे. हे सगळं ठाऊक असताना मी चार गोळ्या घेतल्या. कारण मला वाटलं, जाईल. कुणाला कळायच्या आत डाग जाईल, पेन गार होईल आणि पिशवी राहील. शहाण्या माणसाला मूर्खपणा करायचा झाला की तो फार व्यवस्थित, दर बारा तासांनी करतो, हे मला नव्यानं कळलं.

बुधवारी डाग बशीवरून ताटलीएवढा झाला आणि रतनला दिसला. तासाभरात आम्ही जिथे ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलात होतो. माझे सर्जन डॉ. अनिरुद्ध तरुण आहेत, हात हलका आहे आणि त्यांना बोलायला आवडतं. सोनोग्राफी केली, पिशवीभोवती पाणी साचलेलं दिसलं, सुई घालून त्यांनी तेवढं काढलं. पाणी गढूळ होतं, फिकट ताकासारखं. ते सिरिंजमध्ये वर चढताना बघायला मी मान वाकडी केली, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही आपल्याच लाइनमधल्या, तुम्हाला काय सांगायचं! हे कल्चरला पाठवतो. जंतू आले तर पिशवी काढावी लागेल, नाही आले तर वाचवायला बघू. गोळ्याबिळ्या काही सुरू नाहीत ना?" मी तोंड उघडलं. रतन म्हणाला, "ती? अहो, ती आम्हाला साध्या सर्दीला गोळी गिळू देत नाही." डॉक्टर हसले आणि फॉर्मवर लिहिलं: नाही. मला बोलता आलं असतं. फॉर्म अजून टेबलावर होता, पेनाचं टोपण लावायचं होतं. पण खोलीत दोन माणसं माझ्याकडे इतक्या विश्वासानं बघत होती की त्यांची निराशा करणं मला एका पिशवीपेक्षा महाग वाटलं. मी गप्प राहिले. ही लाज होती, आणि थोडा लोभही. कारण चार गोळ्यांनी प्लेट कोरी राहील आणि पिशवी वाचेल, हा हिशेब माझ्या डोक्यात तेवढ्यात होऊन गेला होता.

शुक्रवारी रिपोर्ट आला. अठ्ठेचाळीस तासांनंतर वाढ नाही. डॉक्टरांनी स्वतः फोन केला. म्हणाले, नुसतं सुजेचं पाणी असेल, दहा दिवस गोळ्या देतो, पिशवी ठेवू. रतननं येताना आंबा बर्फी आणली. पूर्वानं नाचणाऱ्या बाहुल्यांचे तीन मेसेज पाठवले. मी बर्फीचा तुकडा तोंडात ठेवला आणि हातात तो कागद घेऊन बसले. असे हजारो कागद मी तयार केलेत. पण इतकी वर्षं मी तो कागद फक्त लॅबच्या बाजूनं पाहिला होता. "वाढ नाही" याचा अर्थ "आत कुणी नाही" असा नसतो. त्याचा अर्थ, आम्ही दोन दिवस वाट पाहिली, कुणी आलं नाही, आणि आम्ही दार लावून घेतलं. पेशंटला हे कुणी सांगत नाही. मी तरी कधी सांगितलं नाही. कर्वेनगरच्या आमच्या गॅलरीत रतन झाडांना पाणी घालत होता, खाली कुणी स्कूटर काढत होतं, आणि मला माझ्याच अंगाच्या आत काय आहे ते ठाऊक नव्हतं. भीतीपेक्षा ते सहन होईना. मी स्वतःच्या हातानं एक कोरी प्लेट तयार केली होती आणि आता मलाच तिच्यावर विश्वास ठेवायचा होता. इतका वाईट रिपोर्ट मी आयुष्यात कुणाला दिला नव्हता.

नम्रता माझ्या हाताखाली शिकलेली. आता ती त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असते. मी गॅलरीचं दार ओढून घेतलं आणि तिला फोन लावला. "नम्रता, बुधवारचा माझा नमुना. प्लेट कुठेय?" "टाकायच्या ट्रेमध्ये, मॅडम. उद्या सकाळी ऑटोक्लेव्हला लावणार. रिपोर्ट मिळाला ना? छान झालं!" "टाकू नकोस. परत आत ठेव." ती हसली. "मॅडम, कपाट म्हणजे धर्मशाळा नाही." "ठेव गं. सात दिवस ठेव." "पण का?" खाली स्कूटर चालू होईना, कुणीतरी किका मारत होतं. मी म्हणाले, "मी चार गोळ्या घेतल्या होत्या. आधी." मग ती हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही?" त्या एका शब्दात सगळं होतं. मी फोन ठेवला आणि मला रडू आलं. दुखल्याचं नव्हतं, हरल्याचंही नव्हतं. नुसती पकडले गेल्याची लाज, शाळेत कॉपी करताना येते तशी.

शनिवार, रविवार मी वागले चांगली. नव्या गोळ्या वेळेवर घेतल्या, डाग तेवढाच राहिला, वाढला नाही आणि गेलाही नाही. सोमवारी दुपारी नम्रताचा फोन आला. "मॅडम, काहीतरी दिसतंय. आधी मला धूळ वाटली." आणि मी, जिची पिशवी या वाक्यावर अवलंबून होती ती मी, काय म्हणाले असेन? म्हणाले, "दिसायला कसं आहे? कोरडं की ओलं?" रिक्षानं पोचेपर्यंत मला धीर नव्हता. नम्रतानं स्टूल दिलं, प्लेट उजेडाला धरली. रव्याच्या कणाएवढ्या, पांढुरक्या, कोरड्या वसाहती. रेघेवर ओळीनं बसलेल्या, म्हणजे उडत आलेली घाण नव्हे, माझ्याच पाण्यातल्या. तिनं काचेवर घेऊन रंगवून ठेवलं होतं. मी सूक्ष्मदर्शकात डोळा लावला. निळ्या रंगावर लाल, बारीक, किंचित वाकलेल्या काड्या, दोन-दोन, चार-चार, एकमेकींना खेटून. टीबीच्या जंतूचा चुलत भाऊ. तो टीबी करत नाही. मातीत राहतो, पाण्यात राहतो, नळाच्या तोंडाशी राहतो, सगळीकडे आणि सगळ्यांच्या घरी, आणि कुणाला काही करत नाही. फक्त माणसाच्या आत एखादी परकी वस्तू सापडली तर तिथे बिऱ्हाड करतो, आणि फार सावकाश वाढतो. कुठून आला ते कधीच कळणार नव्हतं. मी बराच वेळ बघत राहिले. सुंदर होता. हे म्हणायला नको, पण होता, आणि माझा होता.

मग हळूहळू ध्यानात आलं. माझ्या त्या चार गोळ्या या जंतूला लागूच पडत नाहीत. त्यानं त्या खिजगणतीतही धरल्या नसतील. प्लेट कोरी राहिली ती गोळ्यांमुळे नाही. तो सावकाश येणारा होता आणि आपण दोन दिवसांत दार लावतो, म्हणून. मी गोळ्या घेतल्या नसत्या तर मनात खोट राहिली नसती, मी रिपोर्टवर विश्वास ठेवला असता, बर्फीचा दुसरा तुकडा घेतला असता, आणि प्लेट शनिवारीच वाफेत गेली असती. माझं पाप फुकट गेलं आणि तेच कामाला आलं. यावर हसावं की काय करावं ते मला कळेना, आणि तेवढ्यात मला बजरंग आठवला. मार्केट यार्डातला हमाल, चार-पाच वर्षांपूर्वीचा. हर्नियाचं ऑपरेशन, पोटात जाळी बसवलेली, जखम भरून आली तरी पुन्हा पुन्हा पाझरायची. तीनदा नमुना आणला, तीनदा वाढ नाही. तिसऱ्या वेळी मी खिडकीतून म्हणाले होते, "तुम्ही आधी गोळ्या घेऊन येता आणि आम्हाला सांगत नाही. आमचा वेळ जातो." तो म्हणाला, "न्हाय ओ ताई, आईशपथ. येक बी गोळी घेतली न्हाय." मी म्हणाले, "बरं, बरं," आणि पुढच्याला हाक मारली. चौथ्यांदा तो आला नाही. इतकी वर्षं मी त्याला खोटारडा म्हणून विसरून गेले होते. तो खरं बोलत होता. खिडकीच्या दोन्ही बाजू धरल्या तर खोटं बोललेली एकटी मी. दुसऱ्या दिवशी जुन्या रजिस्टरमधून नंबर काढून लावला. तो नंबर आता अस्तित्वात नाही, असं एका बाईनं मला गोड आवाजात सांगितलं. मी तिघा-चौघा हमालांना विचारलं. बजरंग नावाची माणसं तिथे सहा आहेत, आणि जाळीवाला कुणाला ठाऊक नव्हता. मी अजून विचारते.

डॉक्टरांसमोर रतन माझ्याशेजारी बसला होता. मी त्याच्याकडे न बघता सगळं एका दमात सांगितलं: गोळ्या, फॉर्म, प्लेट, लाल काड्या. डॉक्टरांनी त्या दिवशीचा फॉर्म काढला. "चार गोळ्या?" "चार." "मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?" मी म्हणाले, "तुम्ही मला आपल्या लाइनमधली म्हणालात." त्यांनी फॉर्मवरचं 'नाही' खोडलं. पिशवी काढायची ठरलं, दोन दिवसांनी. त्यानंतर सहा महिने निराळ्या गोळ्या. घरी जाताना सिग्नलला स्कूटर थांबवून रतन मागे न वळता म्हणाला, "मला तरी सांगायचंस." मी म्हणाले, "सांगणारच होते. तेवढ्यात तू उत्तर दिलंस." सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न वाजवला. पुलाशी त्यानं वेग कमी केला. मग म्हणाला, "पाण्यातला जंतू म्हणालीस. कुठल्या पाण्यातला?" "सगळ्याच." "सगळ्याच म्हणजे काय? काहीतरी नोंद असेल." मला हसू आलं आणि मी त्याच्या पाठीवर कपाळ टेकलं.

ऑपरेशनआधी मी नम्रताला एकच गोष्ट मागितली होती. बाहेर काढलेली पिशवी तपासणीसाठी तिच्याकडेच जाणार होती. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती वॉर्डात आली, हातात झाकण घट्ट बसवलेली बरणी, वर कापड. "मॅडम, दोनच मिनिटं. कुणाला सांगू नका." रतन खुर्चीवर चहा पीत होता. तिनं कापड काढलं. चार महिने ती माझ्या आत होती आणि मी तिला पहिल्यांदा बघत होते. स्वच्छ, पारदर्शक, पाण्याचा थेंब थोडा बसल्यावर दिसावा तशी. डाग नाही, ठिपका नाही. लाखो काड्या तिच्यावर असतील आणि डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं. बरणी कलती केली की ती जड अंगानं कलायची आणि पुन्हा जागेवर यायची. मी सगळ्या बाजूंनी पाहिली. चांगली होती. मला ती फार आवडली होती, हे मला तेव्हा कळलं, आणि मी नम्रतासमोर, रतनसमोर, शेजारच्या खाटेवरच्या बाईसमोर रडले. सपाट पट्टीखाली मला काही जाणवत नव्हतं, दुखतसुद्धा नव्हतं, आणि तरी मी रडले. रतन उठून आला. बरणीकडे बघत राहिला. "एवढीच होती?" तो म्हणाला. "एवढीच," मी म्हणाले. नम्रतानं कापड घातलं आणि ती गेली.

दहा वाजता डॉ. अनिरुद्ध राउंडला आले. जखम पाहिली, ताप पाहिला, सगळं व्यवस्थित आहे म्हणाले. मग जरा घुटमळून म्हणाले, "आता सहा महिने गोळ्या नीट घ्या. पुन्हा बसवायची की नाही, ते मग बघू." हा "बघू" मी ओळखते. मी तो शेकडो लोकांना खिडकीतून दिलाय. "'बघू' नको, डॉक्टर," मी म्हणाले. "तारीख द्या." ते हसले. "सहा महिन्यांनंतरची? आत्ता?" "आत्ता." त्यांनी सवयीनं रतनकडे पाहिलं. रतननं हातातला चहाचा कप स्टुलावर ठेवला.

"लिहून द्या, डॉक्टर," तो म्हणाला. "तिला तोंडी चालत नाही."